बारावीनंतर बडोद्यातच शिकावं की पुण्याला जावं?

मी बडोद्यातच राहिले, आणि आज पुन्हा निवडायचं झालं तरी सयाजीराव विद्यापीठच घेईन. एकाच गावात इतक्या विद्याशाखा! मी विज्ञानाची, मैत्रीण फाइन आर्ट्सची (ती फॅकल्टी १९५० पासूनची). दुपारी तिच्याकडे गेले की मातीच्या अर्धवट पुतळ्यांवर ओली फडकी गुंडाळलेली दिसायची. माती सुकून तडकू नये म्हणून. असं दुसऱ्यांचं काम जवळून बघणं मला फार मोलाचं वाटतं.

कॉलेजच्या नावापेक्षा विभाग बघा. साध्या कामाच्या दिवशी जा, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा, प्रॅक्टिकल्स खरोखर होतात का ते विचारा. विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीतही डोकावा. शिकवणं इंग्रजीत, त्यामुळे गुजराती लिहिता येत नसलं तरी अडत नाही.