पाळी : रानातली, कालव्याची, कानाची आणि महिन्याची

जिंतूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे : ‘सातवीच्या एका मुलानं निबंधात “बाबांनी रानाला वखराच्या दोन पाळ्या घातल्या” असं लिहिलं. तो वाचून दाखवत असताना मुलं खुदखुदली, मुलींनी माना खाली घातल्या. हा पाळी शब्द आणि तो पाळी शब्द एकच का? निबंधात फेऱ्या लिहायला सांगू का?’

बाई, शब्द एकच आहे. आणि तो खोडायला सांगू नका.

संस्कृतात ‘पालि’ म्हणजे कड, बांध आणि ओळ. तिन्ही अर्थ आपल्या बोलण्यात अजून आहेत. कानाची पाळी म्हणजे कानाची खालची मऊ कड. सुश्रुतानं फाटलेली कर्णपाली जोडायचे प्रकार सांगितले आहेत, ती हीच. तळ्याची पाळ म्हणजे बांध. तिसरा अर्थ मात्र फार लांबवर पोचला. ओळ लागली की प्रत्येकाचा क्रम ठरतो, आणि क्रमानं जी वेळ येते ती पाळी. पाली भाषेचं नावही बरेच अभ्यासक याच शब्दाशी जोडतात : ग्रंथातली ओळ, म्हणजे मूळ पाठ. ‘आळीपाळीनं’ या शब्दातला ‘आळी’ही मला नुसता यमकासाठी आलेला वाटत नाही. संस्कृत ‘आलि’ म्हणजेही ओळच, आणि घरांची ओळ ती आळी. (पाळीव जनावर मात्र यात ओढू नये, ते ‘पाळणे’ या क्रियापदाचं.)

क्रमाचा हा अर्थ मराठवाड्यात जागोजागी भेटतो. जायकवाडीच्या कालव्याला रब्बीसाठी पाणी सुटतं तेव्हा पहिली पाणीपाळी, दुसरी पाणीपाळी असंच म्हणतात. पाटबंधारे खात्याची ‘शेजपाळी’ तर किती नेमकी! शेजाऱ्यामागून शेजारी, ठरल्या क्रमानं पाणी. तुळजापूरला पाळीकर पुजारी आहेत, त्यांच्या नावातच पाळी. वाळूजच्या कारखान्यात दिवसपाळी आणि रात्रपाळी. तिथं आता ‘शिफ्ट’ जास्त ऐकू येतं, तरी ‘रात्रपाळी’ काही हटलेली नाही. बोलताना आपण ‘माझी बारी’ किंवा ‘माझा नंबर’ही म्हणतो, पण बारीची रात्रबारी कुणी केली नाही.

एक बारकावा सांगण्यासारखा आहे. ‘माझी पाळी आली’ हे साधं वाक्य, रांगेत माझा क्रम लागला एवढंच. पण ‘माझ्यावर पाळी आली’ म्हटलं की काहीतरी वाईट घडलेलं असतं. पावसानं ताण दिला आणि शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी आली. त्याच्यावर जनावरं विकायची पाळी आली. सत्काराची पाळी कुणावर येत नाही! सगळा भार त्या ‘वर’नं आणला.

आता महिन्याची पाळी. हीसुद्धा क्रमानं येणारी, म्हणून पाळी. ‘विटाळ’ या शब्दात अपवित्रपणा भरलेला आहे, ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’ यांत शिवाशिव आहे. ‘अडचण’ म्हटलं तर शरीराचा साधा धर्मच अडचण ठरतो. या सगळ्यांत पाळी हा सर्वांत स्वच्छ शब्द आहे, कुणाला कमी न लेखणारा. तो मोठ्यानं बोलला जायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला. पाळीच्या दिवसांत काम चुकलं की खाडा, त्या खाड्याचा पैसा कापला जातो, ही त्यामागची एक गोष्ट तेव्हा सगळ्यांसमोर आली. शब्दच तोंडातून निघत नसेल तर असलं दुखणं बाई सांगणार तरी कुणाला?

राहिला फेरीचा प्रश्न. तिथं तर अर्थच बदलतो. वखर या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जाऊन परत आला की ती एक फेरी. सगळं रान एकदा वखरून झालं की एक पाळी. दोन फेऱ्यांत रानाचा जेमतेम एक पट्टा वखरून होतो. दोन पाळ्या म्हणजे आख्खं शेत दोनदा. त्या मुलाच्या बापानं दोन पाळ्याच घातल्या असणार, आणि मुलानं बरोबर लिहिलं आहे. वाक्य तसंच ठेवा, आणि वर्गात कालव्याची, कारखान्याची, कानाची अशी आणखी वाक्यं मुलांकडून मागवा. त्यांतच महिन्याच्या पाळीचंही एक वाक्य तुम्ही स्वतः फळ्यावर लिहा.