पोच घे, बाये

चि. बाये,

अनेक आशीर्वाद.

काल तू गेल्यावर तुझ्या काकीने विचारलं, पोर रडली ती तिच्या संसारापायी की तुमच्या ओरडण्यापायी? मला उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र. बोलताना माझा आवाज चढतो. लिहिताना निदान खोडता तरी येतं.

तू पिशवीतून काढलास तो स्टॅम्पपेपर अजून डोळ्यांपुढून जात नाही. ‘आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त राहत आहोत.’ दिराने टाइप करून आणला म्हणालीस. तुला वाटलं, खरंच तर आहे, नवरा फौजी, तिकडे फील्डच्या नेमणुकीवर, मी इकडे पेडण्यात, मारझोड नाही, शिवीगाळ नाही, मग राजीखुशीच की. अगं, फील्डला कुटुंब नेताच येत नाही. त्यात तुझी राजी कुठली नि खुशी कुठली? पोटगीचं जे कलम आहे, जुनं १२५, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेतलं १४४, त्यात लिहिलंय की नवरा-बायको परस्परांच्या संमतीने वेगळी राहत असतील तर बायकोला पोटगी नाही. दिराला हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. पण त्या एका शब्दावर तू सही करणार होतीस. म्हणून ओरडलो.

आता दुसरं. गोव्याच्या १९१०च्या घटस्फोटाच्या कायद्यात, तीन वर्षं कोणी घर पूर्णपणे टाकून गेलं तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. तू आवयकडे, माहेरी, येऊन अडीच वर्षं झाली. त्याच्याच सांगण्यावरून आलीस, हे मला पटतं. कोर्टाला कसं पटवशील? ‘व्हॉट्सॲपवर मेसेज होता, पण फोन बदलला.’ हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. बाये, लेखी. तारीख घालून. पोच घेऊन. ह्या तीन गोष्टी मी तुला काल दहादा सांगितल्या, आणखी दहादा सांगेन.

आज रात्रीच त्याला त्याच्या एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या, पत्त्यावर पत्र लिही. ‘तुमची बदली फील्डला झाल्यामुळे तुमच्या सांगण्यावरून मी अमुक तारखेपासून मुलीला घेऊन माहेरी राहते आहे.’ एवढंच. क्वार्टर मिळाल्यावर तू जाणार असशील तर तेही लिही. जाणार नसशील तर लिहू नकोस, खोटं नको. स्पीड पोस्टने पाठव, पावती वहीत चिकटव आणि पत्राची प्रत ठेव. रागाचं एक अक्षर नको. राग दाखवायचा तर माझ्याकडे ये, काकीच्या पोळ्यांबरोबर तोही गिळू.

घटस्फोट घ्यायचा की नाही, हे मी सांगणार नाही. तू विचारलंस, मी टाळलं, ते मुद्दाम. पण संमतीने आटपून टाकू, एवढं सोपं समजू नकोस. टीव्हीवरचे वकील ‘तेरा-ब’ म्हणतात, म्हणजे हिंदू विवाह कायद्यातलं संमतीच्या घटस्फोटाचं कलम, ते आपल्याला नाही. तो कायदा १९५५चा, तेव्हा इथे पोर्तुगीज होते. मुक्तीनंतर १९६२च्या कायद्याने इथले जुने कायदे तसेच चालू राहिले. आपल्याकडे संमतीच्या घटस्फोटाला लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत आणि दोघांनाही पंचवीस पूर्ण हवीत. तू चोवीसची. म्हणजे दीर घाई करतोय ती घटस्फोटाची नाहीच.

घाई आहे ती डिचोलीच्या फ्लॅटची. स्टॅम्पपेपराचा दुसरा परिच्छेद वाचलास? ‘सदर मालमत्तेवर माझा कोणताही हक्क राहणार नाही.’ फौजीच्या पगारातून घेतलेला फ्लॅट, बायकोचं त्यात काय, असं तो म्हणतो. लग्नाच्या वेळी तू पेडण्याला रजिस्ट्रारकडे जाऊन दोनदा सही केलीस ना? त्याआधी मालमत्तेचा वेगळा करार नोटरीकडे केला नव्हतास ना? मग तुमची मालमत्ता सामाईक. नाव त्याचं असो, पगार त्याचा असो, अर्धं तुझं. कर्जही अर्धं तुझं, हे दीर सांगणार नाही, मी सांगतो. इथे घर विकायचं तर विक्रीखतावर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, ते उगाच नाही. वाटणी इन्व्हेंटरीच्या दाव्यात होते, जज्जासमोर, यादी करून. दिराच्या स्टॅम्पपेपरावर होत नाही.

पैशांचं बोलू. चार महिने त्याने काही पाठवलेलं नाही आणि तू वाट बघत बसलीस. नौदलात असताना आमच्याकडे १९५७च्या नौदल कायद्याचं कलम ३१ होतं. तुझा नवरा लष्करातला, त्याला १९५०च्या लष्करी कायद्याचं कलम ९१. बायको-मुलांच्या पोटगीसाठी जवानाच्या पगारातून थेट कपात करता येते. कोर्टाला त्याच्या पगारावर जप्ती आणता येत नाही, कलम २८ आडवं येतं, म्हणून ही वाट माहीत हवी. बायकोला पगार-भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलाला साडेपाच, सगळं मिळून ३३च्या वर नाही. कोर्ट पोटगी ठरवतं तेव्हा त्याच्यावर हे टक्के बंधनकारक नाहीत, तिथे जास्तही मिळू शकते. पण कोर्टाला वेळ लागतो आणि पोरीला दूध आज लागतं.

अर्ज कमांडिंग ऑफिसरच्या नावे कर, प्रत बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला. त्याचा आर्मी नंबर, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, शेवटचे पैसे कधी आले त्या दिवसापर्यंतचं पासबुक. मुलीचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लष्कराच्या नोंदीत, चढलंय का, तेही त्याच अर्जात विचार. नसेल तर कागदावर ती नाहीच. अडलंस तर पणजीला सैनिक कल्याण खात्यात जा, लाजू नकोस. आणि पोच.

पोच-पोच काय करतात काका, असं तुझ्या चेहऱ्यावर काल दिसलं. मग ऐक.

मी नौदलात राइटर होतो, म्हणजे कारकून. जहाजावरच्या ऑफिसात टाइपरायटर माझा. १९९०च्या सुमारास एका खलाशाच्या बायकोचा अर्ज आला. खलाशी आमच्याच तालुक्यातला, माझ्या मेसमधला. अर्ज आंतर्देशीय पत्रावर, मराठीत, निळ्या शाईने, शेवटच्या ओळी दुमडपट्टीवर कशातरी कोंबलेल्या. ‘साहेब, घरात तांदूळ नाही, ते पैसे पाठवत नाहीत, काहीतरी करा.’ तारीख नाही, रक्कम नाही, दाखला नाही. मराठी येणारा मीच, म्हणून साहेबांसाठी इंग्रजीत उतरवायचं काम माझं. आणि खलाशाने द्यायच्या उत्तराचा मसुदाही माझाच, कारण तो मित्र होता आणि माझं इंग्रजी बरं होतं.

मी मसुदा झकास केला. मनीऑर्डरच्या पाच पावत्या जोडल्या, तारीखवार. पावत्या खऱ्या होत्या. पाचांतल्या चार त्याच्या आईच्या नावे होत्या, पत्ता मात्र तोच, त्याच घराचा. मसुद्यात मी लिहिलं, ‘घरी नियमित पैसे पाठवले जातात.’ यात खोटं काय? मी स्वतःला विचारत आलोय, आजही विचारतो. पाठवले जात होते. घरीच जात होते. सून सासूपासून वेगळी होऊन मागच्या खोपीत राहत होती, हे तिने अर्जात लिहिलं नव्हतं, आणि जे अर्जात नाही ते मी कशाला काढू? माझं काम समोरच्या कागदापुरतं होतं. अर्ज फेटाळला गेला. मसुद्याच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं होती.

पण ती खोपीत राहते, हे मला माहीत होतं. सुट्टीवर आलो होतो तेव्हा पाहिली होती.

आता ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलच्या मिरच्या विकते. मला ओळखत नाही, कशी ओळखणार. तराजू धरताना काटा बघत नाही, माझ्याकडे बघते, आणि वर एक मूठ जास्त टाकते. मी दर शुक्रवारी अर्धा किलो घेतो. काकीला वाटतं मला वेड लागलंय. आमच्या माळ्यावर तीन डबे भरलेत.

जाऊ दे. तुझं बघू.

मावसभावाने सुचवलंय ते करू नकोस. दाव्यात त्याचा पत्ता म्हणून सासरचा घालायचा, समन्स फिरून परत येणार, एकतर्फी निकाल लागणार! जवानाचं समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत जातं. तो अवघड भागात तैनात असेल तर १९२५च्या सैनिक दावे कायद्याने कोर्टाला दावा थांबवून ठेवावा लागू शकतो, आणि त्याच्या पाठीमागे झालेला निकाल नंतर रद्दही होऊ शकतो. दोन वर्षं फुकट, वकिलाची फी वेगळी. तो कुठे आहे ते खरं सांग. थांबावं लागलं तर थांब.

तू काल दाखवलेस त्या फोटोंबद्दल. त्याच्याबरोबर कोण ती बाई, मला माहीत नाही, तुलाही नाही. व्यभिचार २०१८ पासून सर्वसामान्यांना फौजदारी गुन्हा नाही, पण सैन्य आपल्या माणसांवर शिस्तीची कारवाई करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून दोन फोटोंवर कमांडिंग ऑफिसरला चार पानं लिहून टाकू नकोस. त्याची तेरा वर्षं झालीत. जवानाला पेन्शनला पंधरा लागतात. त्याची नोकरी गेली तर तुझी कपात कशातून होणार? खरं असेल, हातात काही असेल, तर लिही, मी अडवणार नाही. पोटगीचा अर्ज वेगळा, हा वेगळा. एकाच कागदात घातलास की साहेब चटकदार तेवढंच वाचतात. मी साहेबांना वाचताना पाहिलंय.

आणि एक, रागावू नकोस. घटस्फोट झाला की बायको म्हणून मिळणारं सगळं संपतं. कॅन्टीन कार्ड, पुढची ईसीएचएसची दवाखान्याची सोय, त्याच्या मागे मिळणारी फॅमिली पेन्शनसुद्धा. मुलीचा हक्क तेवढा राहतो. कलम १४४ची पोटगी घटस्फोटानंतरही, तू दुसरं लग्न करेपर्यंत, मागता येते. हे सगळं एका कागदावर दोन रकान्यांत लिही आणि मग ठरव. तुझ्या अक्षरात, माझ्या नको. मी मसुदे करणं सोडलंय. वाचून देईन, चुका दाखवीन, पण लिहिणार तूच.

रविवारी सकाळी पोदेर पाव देऊन गेला की ये. स्टॅम्पपेपर सही न करता आण, दिराला परत देऊ नकोस. पोरीलाही आण. तुझा डबा इथेच राहिलाय, काकीने धुऊन ठेवलाय.

तुझा,
काका