मोहावे वाळवंटातली नखाएवढी पॉपी खरंच दिसते का?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसला मुलीकडे येताय आणि मोहावे वाळवंटातली ती इवलीशी रानटी पॉपी, म्हणजे आपल्या खसखशीच्या कुळातलं फूल, एका दिवसात दिसेल का. दिसेल, पण उभ्याने नाही. इकडचे फुलवेडे अशा फुलांना ‘बेली फ्लॉवर्स’ म्हणतात, म्हणजे पालथं पडून बघायची फुलं.

बहुतेक लोक लँकेस्टरजवळच्या अँटेलोप व्हॅलीतले नारिंगी डोंगर बघून परततात. ती कॅलिफोर्निया पॉपी, 1903 पासून राज्याचं फूल. जरूर बघा. पण माझा जीव अडकलाय तो तिच्या धाकट्या बहिणींत.

एक पिवळी, एश्शोल्झिया मिन्युटिफ्लोरा. जोशुआ ट्री नॅशनल पार्कात वाळूच्या, खडीच्या जागी शोधा. पानं निळसर हिरवी, बारीक चिरलेली, आणि ती दांड्यावरही असतात. पाकळी कधीकधी तिळाएवढीच. कळीवर टोकदार टोपडं असतं. फूल उमलताना ते वर ढकललं जातं आणि गळून पडतं. हे एकदा भिंगातून बघा, दुसरं काही बघावंसं वाटत नाही.

दुसरी पांढरी, कॅनबिया कँडिडा, मोहावेच्या पश्चिम भागातल्या वाळूत. अख्खं झाड दोन-तीन सेंटिमीटरचं! मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी अर्धा तास तिच्याच शेजारी बसून होते. मुंगी पाकळीवर चढली की फूल हलायचं.

पाऊस मात्र बघून या. बी वाळूत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि हिवाळ्यात पुरेसा पाऊस झाला तरच रुजतं. पाऊस बेताचा झाला तर झाड एखाद-दुसरं फूल देऊन, बी टाकून संपतं.

सकाळी ऊन चढल्यावर जा, ढगाळ हवेत फुलं मिटलेली असतात. पायवाट सोडू नका. 2019 साली कॅलिफोर्नियातल्याच लेक एल्सिनोर गावाजवळ फोटोंसाठी लोकांनी फुलांचे उतार तुडवले होते. ही तर इतकी बारीक की पायाखाली गेलेली कळतही नाही. भिंग, पाणी आणि गुडघ्याखाली घ्यायला जुना टॉवेल न्या.

आणि येण्याआधी गावाकडे रस्त्याकडेचा पिवळा धोत्रा नीट बघून घ्या. तोही पॉपीच्याच कुळातला, मूळचा अमेरिकेकडचा. त्याच्या पाकळ्यांची ती चुरगळलेल्या कागदासारखी घडी ओळखीची झाली, की वाळूतली पिवळी पॉपी तुमची तुम्हालाच सापडेल.