आकडा ठेव बाजूला, तळ बघ

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. गोल्फचा साठ अंशांचा वेज (चेंडू जवळून उंच उडवायचा क्लब, म्हणजे काठी) हवाच का, छप्पन्नवर भागेल का, ब्रँड कोणता घेऊ? प्रश्न तीन, आणि तळाचं नाव एकातही नाही. वेज हातात आला की आधी उलटा कर आणि तळ बघ.

लॉफ्टचं, म्हणजे क्लबच्या तोंडाच्या तिरकेपणाचं, गणित पाच मिनिटांचं. तुझ्या पिचिंग वेजचा, म्हणजे सगळ्यात कमी तिरक्या वेजचा, लॉफ्ट मोजून घे. त्यावरच्या नुसत्या 'पी' या अक्षरावर विसंबू नकोस. हल्लीच्या बऱ्याच सेटमध्ये तो ४३-४४ अंशांचा असतो. तिथून चार ते सहा अंशांची पायरी धर: ४४, ५०, ५६. चौथा हवाच असेल तर ४४, ४९, ५४, ५९. पण नियमाने पिशवीत क्लब जास्तीत जास्त चौदाच. बाहेर काय काढणार ते आधी ठरव. झालं लॉफ्टचं.

आता तळ. दांडा उभा धर आणि क्लबचं डोकं डोळ्यांसमोर आणून बाजूने बघ. मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली दिसेल. तळाचा हा उतार म्हणजे बाउन्स. ४ ते ६ अंश कमी, ७ ते १० मधला, त्यापुढे जास्त. वाळू भुसभुशीत असेल किंवा तुझा क्लब वरून खाली कुदळीसारखा येत असेल, तर कमी बाउन्सची कड रुतते आणि चेंडू जागचा हलत नाही. उलट, कडक जमिनीवर जास्त बाउन्स आपटून उसळतो, कड चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीनपलीकडे (भोकाभोवतीच्या हिरवळीपलीकडे) सुसाट. फेस (क्लबचं तोंड) आकाशाकडे उघडलास की बाउन्स आणखी वाढतो. म्हणून टाचेकडचा (दांड्याच्या बाजूचा) तळ घासलेला ग्राइंड, म्हणजे तळाचा घडीव आकार, घ्यायचा, म्हणजे उघडल्यावरही कड जमिनीलगत राहते. आणि चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) मारताना हात फार पुढे दाबशील तर आहे तो बाउन्सही मरतो. मग वेजला शिव्या देऊ नकोस!

१९३२ साली अमेरिकन गोल्फर जीन सॅराझेनने बंकरवर (वाळूच्या खड्ड्यावर) तोड काढली ती तळावर धातू चढवून. त्याच वर्षी तो ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धाही जिंकला. तरी अजून सगळे आकडाच विचारतात. मला तळवेडा म्हणतात, म्हणू देत. हे फार उशिरा कळलं याचीच मला खंत आहे, म्हणून तुझ्यापुढे घसा फोडतोय.

लॉफ्ट वाकवून घेणार असशील तर तळाचा हिशेब सोडू नकोस: ५६ चा ५४ केलास की १० चा बाउन्स ८ होतो. फेसवरच्या खाचा झिजलेला जुना वेज फुकट मिळाला तरी नको. चेंडू उंच उडतो, पण फिरकी घेत नाही.

दुकानात जाण्याआधी तुझ्या दहा डिव्हटांचे (फटक्याने उखडलेल्या गवताच्या खुणांचे) फोटो काढ. खोल खड्डे आहेत की नुसतं गवत खरवडलंय, ते मला बघू दे. बंकरची वाळू मुठीत धरून सांग, बोटांतून सांडते की गोळा होतो. ब्रँडचं मग बोलू.