मॉरिशसच्या ले मॉर्न द्वीपकल्पावर समुद्रात डुंबण्याखेरीज काय करता येतं? एक दिवस पुरतो का?

तुम्ही लिहिलंय की मुक्काम फ्लिक आँ फ्लाकला आहे, सोबत साठीच्या पुढचे आईवडील आहेत, ले मॉर्नसाठी एकच दिवस निघतोय आणि एजंट म्हणतोय, डोंगरबिंगर सोडा, हेलिकॉप्टरमधून ‘पाण्याखालचा धबधबा’ बघा. अगदी हेच वाक्य 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या साडूंनी मला ऐकवलं होतं. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी तो धबधबा निकालात काढू. तिथे धबधबा नाही. द्वीपकल्पाच्या टोकाशी उथळ पाणी संपतं आणि समुद्र एकदम खोल होतो. त्या कडेवरून वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खाली घसरत जातो. उंचावरून फिकट, हिरवा आणि मग गर्द निळा असे पट्टे दिसतात आणि पाणीच कोसळतंय असा भास होतो. किनाऱ्यावर उभं राहून यातलं काही दिसत नाही, होडीतूनही नाही. म्हणजे भरमसाट पैसे मोजून डोळ्यांची फसवणूक विकत घ्यायची. हे मी साडूंना हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर समजावलं, तर ते म्हणाले, “भास तर भास, फोटोत येतो ना?” या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

मला डोंगर चढायचा होता. ले मॉर्न ब्राबाँ, 556 मीटर, समुद्रातून सरळ उठलेला काळा कातळ, 2008 पासून युनेस्कोच्या यादीत. साडू म्हणाले, “डोंगरच चढायचा तर सिंहगड काय वाईट होता? तिथे वर पिठलं-भाकरी तरी मिळते.” सगळे हसले. बायको जरा जास्तच हसली.

आता हे वाक्य साडूंना वाटलं तेवढं विनोदी नाही. हिंदी महासागराच्या तळाशी रियुनियनचा तप्तबिंदू म्हणून एक जागा आहे, पृथ्वीच्या पोटातला लाव्हा वर येत राहतो अशी. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग तिच्या माथ्यावरून सरकत होता, तेव्हा तिथून जो लाव्हा उसळला त्यातून आपलं दख्खनचं पठार झालं असं भूशास्त्रज्ञ मानतात. आपण उत्तरेला सरकत गेलो, तप्तबिंदू जागेवरच राहिला, आणि त्याच्याच पुढच्या उद्योगातून फार नंतर, म्हणजे 80-90 लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस वर आलं. सिंहगडाचा कातळ आणि ले मॉर्नचा कातळ एकाच चुलीवरचे आहेत. हात लावला की कळतं, तोच खरखरीत काळा बसाल्ट, उन्हात तसाच तापणारा. पण हे मला घरी आल्यावर, वाचल्यावर कळलं. वादात हवी असलेली माहिती नेहमी वाद संपल्यावर मिळते.

तर वाटाड्या घेऊन आम्ही तिघं गेलो: मी, साडू (हो, तेही, “तू एकटा कुठे पडलास तर?” म्हणून) आणि त्यांचा मुलगा. बायका खाली किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसल्या. तिथे सुरूला फिलाओ म्हणतात, बाकी सगळं थेट आपल्या कोकणासारखं, काड्याकाड्यांचा गालिचा आणि वाऱ्याचा तो सूंऽऽ आवाज. डोंगराची वाट बरीच वर्षं खासगी जमिनीमुळे बंद होती, 2016 पासून लोकांना खुली झाली. पायथ्याच्या फाटकावर नाव-गाव लिहायचं, तिकीट नाही. सकाळी फाटक उघडतं तेव्हाच पोचा, कारण वरच्या भागात सावलीचं नाव नाही.

वाटेचे सरळ दोन भाग आहेत. पहिला म्हणजे झाडीतून वळत जाणारा गाडीरस्ता. आपल्या आतकरवाडीच्या वाटेपेक्षा कितीतरी सोपा, पर्वतीला रोज जाणारा माणूस गप्पा मारत जाईल. तो संपतो तिथे एक पाटी आहे आणि तिथून पुढे आपल्या जबाबदारीवर. पुढे कातळ. हातपाय दोन्ही वापरायचे, काही ठिकाणी तोंड डोंगराकडे करून उतरायचं.

त्या पाटीच्या पुढे साधारण पंधरा मिनिटांवर माझ्या उजव्या बुटाचा सोल सुटला.

बूट चांगल्या कंपनीचे होते, पण चार वर्षं माळ्यावर खोक्यात पडून होते. नंतर कळलं की असे फोमचे सोल न वापरताही हवेतल्या दमटपणानं आतून कुजतात. वरून नवेकोरे दिसतात आणि पहिल्याच चढाला दगा देतात. माझा सोल टाचेपासून सुटून मगरीच्या जबड्यासारखा उघडला आणि आतून पिवळा भुगा सांडायला लागला. साडूंनी मदत करायच्या आधी फोटो काढला. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही, पण आमच्या वाटाड्यानं ते ऐकलं आणि तो फसकन हसला.

पंचविशीतला पोरगा, सकाळपासून आमच्याशी इंग्रजीत आणि फोनवर क्रिओलमध्ये बोलत होता. विचारलं, तर म्हणाला, “मी पण मराठी.” त्याचे पूर्वज उसाच्या मळ्यात मजूर म्हणून गेलेले, मुंबईहून जहाजानं. तिथल्या शाळांत मराठी हा विषय घेता येतो, तो यानं घेतला होता. वाक्य जुळवताना अडखळत होता, पण गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ. पुढच्याच आठवड्यात गणपती होते. तिथे त्याची सरकारी सुट्टी असते हे सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मी बोललेला शब्द मात्र शाळेत शिकवत नाहीत, तो आजीकडून आला म्हणाला. त्यानं सॅकचा बंद सोडून माझा बूट आडवा-उभा बांधला, पुडक्याला सुतळी बांधतात तसा, आणि स्पष्ट सांगितलं की आता वर नाही. मला एका सपाट कातळावर बसवलं आणि तो त्या दोघांना घेऊन पुढे गेला.

मी तिथे तासभर एकटा बसलो. खाली खाजण, म्हणजे प्रवाळाच्या बांधानं अडवलेलं उथळ पाणी, आणि बाहेर त्या बांधावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. दक्षिणेकडच्या पाण्यावर काइटसर्फिंगवाल्यांचे पतंग, संक्रांतीला गच्चीवरून दिसावेत तसे, फक्त आपण पतंगांच्या वर. एक पांढरा पक्षी कड्यालगत दोनदा फिरून गेला, शेपटी आपल्या स्वर्गीय नर्तकासारखी लांब. एअर मॉरिशसच्या विमानावर जो पक्षी असतो, तोच हा. आणि हो, ज्या टोकापाशी तो ‘धबधबा’ आहे म्हणतात, त्या बाजूचे निळे-हिरवे पट्टेही थोडे दिसत होते. फुकट.

परत येताना वाटाड्यानं गोष्ट सांगितली, तीही चढताना नव्हे, पायथ्याशी आल्यावर. मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगराच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. इतक्या अवघड जागी कोण पाठलाग करणार? 1 फेब्रुवारी 1835 ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. लोक सांगतात ते असं, की ती बातमी द्यायला शिपायांची तुकडी डोंगराकडे निघाली, वरच्यांना वाटलं धरायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेली ही गोष्ट आहे. दर 1 फेब्रुवारीला पायथ्याशी लोक जमतात. तिथे गुलामांच्या स्मृतीचं शिल्पस्थान आहे, वेगवेगळ्या देशांतून गुलाम आणले त्यांची आठवण म्हणून घडवलेले दगड. गुलाम सुटले तेव्हा मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून आपल्याकडून मजूर नेले. म्हणजे त्या पोराचा पणजोबा तिथे पोचला त्याचं मूळ कारण याच डोंगराशी जाऊन पोचतं. हे त्यानं इतकं सहज सांगितलं की मी बुटाचं विसरलो.

साडू विसरले नव्हते. संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर दोन फोटो पडले. एकात साडू, वाट जिथे संपते तिथल्या लोखंडी क्रूसाशेजारी हात पसरून, खाली ‘माथ्यावर!’. दुसऱ्यात मी, बांधलेल्या बुटासह, खाली ‘पायथ्यावर’. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशाला हा विषय निघतो.

आता तुमच्या प्रश्नाचं. एक दिवस पुरतो, पण सगळं करायला गेलात तर काहीच होणार नाही. आईवडिलांना डोंगराचा पहिला भाग जमेल, गुडघे बरे असतील तर. पाटीपाशी थांबा, तिथूनही खाजण आणि इल ओ बेनितिए हे बेट छान दिसतं. पाटीच्या पुढे त्यांना नेऊ नका. नसेल चढायचं तर शिल्पस्थान बघा, सपाटीवर आहे. हॉटेलांच्या हिरवळी बघून बिचकू नका, भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची असते, बिनधास्त चाला. पाण्यात उतरताना मात्र रबरी बूट घालाच, तळाशी समुद्री साळिंदरं असतात आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी मासाही.

काइटसर्फिंग एका दिवसात शिकता येत नाही, कोणी म्हणालं तरी. वारा मे ते ऑक्टोबर जोरात, तेव्हा बघायला मात्र जरूर थांबा. ‘वन आय’ नावाची जी प्रसिद्ध लाट आहे ती मुरलेल्यांसाठी आहे, तिकडे फिरकू नका. बेटावरची होडीची सहल बरी, वाटेत पाण्यातून वर आलेला प्रवाळखडक दाखवतात. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगा, नाहीतर पावाबरोबर काकडी मिळेल. सकाळी टॅमरिनला डॉल्फिन दाखवतात ते मला आवडलं नाही. चार डॉल्फिन आणि त्यांच्या मागे बारा होड्या.

दुपारी वर शामारेलला जा. सात रंगांची माती कठड्याबाहेरून बघायची असते, दहा मिनिटांत होते. कोकणात जांभा होतो साधारण त्याच रीतीनं बसाल्ट कुजून झालेली आहे, त्यामुळे रत्नागिरीकरांनी फार अपेक्षा ठेवू नये. धबधबा मात्र खरा आहे, वरून खाली पडणारा. आईवडील गंगा तलाव म्हणतीलच, ते तिथलं हिंदूंचं तीर्थस्थान, तेही त्याच बाजूला, त्यामुळे वेळ राखून ठेवा. वाटेत कुठे धोल पुरी मिळाली तर गाडी थांबवा. गुळाशिवायची पुरणपोळी समजा, वर घेवड्याची भाजी आणि झणझणीत मिरची.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पाऊस झाला असेल तर कातळाचा भाग रद्द करा, बसाल्ट ओला झाला की काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. दोघांत मिळून निदान तीन लिटर पाणी. बूट नवे घ्या किंवा रोजचे घाला, माळ्यावरचे नकोत. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बायको आणि मेहुणी तिसऱ्या दिवशी त्या हेलिकॉप्टरमधून जाऊन आल्या. बायको म्हणते, आयुष्यात एकदा घ्यावं. आईवडिलांना चढणं जमणारच नसेल तर तिचं ऐका, माझं नको.

राहिला तो क्रूस. लोखंडी क्रूस जिथे आहे तो डोंगराचा माथा नव्हे. माथा त्याच्या पलीकडे आणि वर आहे, मध्ये खोल घळ आहे, आणि तिकडे कुणालाच जाऊ देत नाहीत. 556 मीटरवर त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही पोचलं नव्हतं. आमचे साडू या साइटवर आहेत, खाली प्रतिसादात येतीलच. त्यांनी आधी एवढंच लिहावं की त्या फोटोत त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या डोक्याहून उंच, जो कातळ दिसतो तो कसला.