लाईट गेली की रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचं एसडी कार्ड बिघडतं, लॉगमध्ये कॅश (कार्डातली तात्पुरती साठवण) फ्लशची एरर येते. ‘राइट थ्रू’ हे सेटिंग केलं तर चालेल का?

नको. एरर दिसायची बंद होईल, डेटा जायचा तसाच जाईल.

तुम्ही लिहिलंय की देवगडच्या कलमांच्या बागेत पायवर हवामानाची नोंद ठेवता, ओएस अपडेट केल्यापासून -११० ही एरर (कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही) येते आणि मग फाइल सिस्टीम रीड-ओन्ली होते, म्हणजे तिच्यावर काही लिहिता येत नाही. कार्ड जुनंच, मग आताच का? एसडी कार्डांतला कॅश २०१७ च्या ६.० स्पेसिफिकेशनमध्ये आला, ए२ छापाच्या (हा वेगाचा एक दर्जा) कार्डांना तो लागतोच. पण लिनक्स तो वापरायला लागलं २०२१ मध्ये, ५.१४ कर्नलपासून (कर्नल म्हणजे ओएसचा गाभा). त्याआधी तुमच्या कार्डाला फ्लश करायला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्याची खोट झाकली गेली.

फ्लश म्हणजे ‘कॅशमधलं सगळं आता फ्लॅशवर उतरव’ हा हुकूम. ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमचं जर्नल (बदलांची नोंदवही) यावरच उभं आहे: आधी मजकूर पक्का उतरतो, मग कमिटची नोंद. राइट_कॅश या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘राइट थ्रू’ लिहिलंत की कर्नल धरून चालतं, कार्डात कॅश नाहीच, आणि हुकूम देणं सोडून देतं. कार्डातला कॅश मात्र चालूच राहतो. मृगाच्या पहिल्या वाऱ्याला लाईट गेली की त्यातलं सगळं गेलं, आणि लॉग मात्र एकदम स्वच्छ! ‘बॅरियर=०’ (फ्लश बंद करणारा पर्याय) लावून माउंट करायचा सल्लाही त्याच माळेतला.

कॅशच चालू होऊ द्यायचा नाही, हा खरा उपाय. कर्नलमध्ये बिघडलेल्या कार्डांसाठी ‘क्वर्क’ची यादी असते. कार्डाचा उत्पादक क्रमांक, नाव आणि तारीख जुळली की कर्नल त्या कार्डाचा कॅश सुरूच करत नाही. कार्ड जुन्या कार्डांसारखं थोडं हळू चालतं, पण दर दहा मिनिटांनी तापमानाची एक ओळ लिहायला वेग हवाय कुणाला? आधी कर्नल नवीन करा. तुमचं कार्ड यादीत आलेलं असेल तर तेवढ्यावर भागेल. नसेल तर सिसएफएसमध्ये (कर्नल हार्डवेअरची माहिती मांडतं ते /sys फोल्डर) कार्डाच्या डिव्हाइस फोल्डरमधल्या मॅनफआयडी, नेम आणि डेट या फाइली वाचा, कर्नलच्या सोर्समधल्या क्वर्क्स.एच मध्ये त्या कार्डाची नोंद वाढवा आणि कर्नल स्वतः बिल्ड करा.

एवढी खटपट कोण करणार? मी तरी ए१ कार्ड घालतो. ए१ ला कॅशची अट नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे होमस्टेवाल्यांचे पायचे असे डबे मी सांभाळतो, त्यांत तेच असतं. शिवाय रूटवर (सिस्टीमच्या मुख्य पार्टिशनवर) ओव्हरले लावतो, म्हणजे सिस्टीम कार्डावर काही लिहीतच नाही. नोंदींची फाइल तेवढी वेगळ्या पार्टिशनवर आणि प्रत्येक ओळीनंतर एफसिंक, म्हणजे ती ओळ लगेच कार्डावर उतरवायचा हुकूम.

एक मात्र बघा. एरर -११० ऐवजी -८४ असेल तर ती सीआरसीची, म्हणजे डेटा ने-आण करताना बिघडल्याची; कॅशचा तिच्याशी संबंध नाही. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात, तेव्हा ती हमखास येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि डब्याला वायर आत जाते तिथलं भोक सिलिकॉनने बुजवा.