‘हॅरेम’ आवडला, आता पुढे काय ऐकू?

तुम्ही विचारलंय की ब्रिटिश गायिका सारा ब्राइटमनचा ‘हॅरेम’ (२००३) हा अल्बम फार आवडला, तर हेच अरबी संगीत का, आणि यापुढे काय ऐकावं?

अल्बम मलाही प्रिय आहे. त्यातला व्हायोलिनचा ताफा एकदम उसळतो तेव्हा आजही हातातलं काम थांबतं. पण चाली कुठल्या आहेत बघा. शीर्षकगीताची चाल पोर्तुगीज. ‘स्ट्रेंजर इन पॅरडाइज’ची रशियन संगीतकार बोरोदिनची. ‘द जर्नी होम’ तर आपल्या ए. आर. रहमानचं, ‘बॉम्बे ड्रीम्स’ या लंडनच्या संगीतिकेतलं. अरबी रंग आहे तो ठेक्यात आणि वातावरणात. ‘द वॉर इज ओव्हर’मध्ये इराकचा काझिम अल साहिर अरबीत गायला लागतो, तिथे मात्र गाण्याला खरी माती लागते.

अरबी संगीताचा जीव मकामात आहे. मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखं: स्वर आणि त्यांचं चलन. हिजाजकार या मकामाचे स्वर आपल्या भैरवाचे, कुर्दचे भैरवीचे. चलन वेगळं, पण कान लगेच ओळख दाखवतो. बयाती मकामात मात्र आपण अडतो. त्याचा रिषभ कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी बसतो. मी पेटीवर तो शोधत बसलो होतो. काळी पट्टी दाबली की स्वर उतरलेला, शेजारची पांढरी दाबली की चढलेला. हवा तो स्वर दोन पट्ट्यांच्या फटीत. ऊद या अरबी तंतुवाद्याला पडदेच नसतात, त्यामुळे तिथे बोट नेमकं त्या जागी जातं. पियानोच्या स्वरांवर बांधलेल्या पॉपमध्ये पहिला बळी याच स्वराचा जातो.

म्हणून पुढचं पाऊल इजिप्तची गायिका उम्म कुलसुम हिचं ‘इन्ता ओम्री’ हे गाणं. कैरो, १९६४, संगीत मोहम्मद अब्देल वहाब. तुम्हाला आवडलेला मोठा वाद्यवृंद इथेही आहे, अगदी इलेक्ट्रिक गिटारसुद्धा. मकाम कुर्द, म्हणजे मराठी कानाला सोपी सुरुवात. मैफिलीचंच ध्वनिमुद्रण घ्या, आणि तासभर तरी मोकळा ठेवा. सुरुवातीला बराच वेळ ती गातच नाही, नुसती वाद्यं वाजतात. पुढे ढकलू नका. मग एकेक ओळ ती पुन्हा पुन्हा घेते, दर वेळी थोडी वळवून, आणि लोक ओरडून ती परत मागतात. संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’ ज्यांनी ऐकलाय, त्यांना तो आवाज ओळखीचा वाटेल.